श्रमिकांची थोरली बहीण : अनसूयाबेन साराभाई

आपल्या समाजातील थोर पुरुषांची चरित्रे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मंदिरांचे जीर्णोद्धार करणारे श्रेष्ठी, दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारे नगरशेठ, विद्यालये व वसतिगृहे उभारणारे दानशूर यांची नामावली मोठी आहे आणि ती वंदनीयही आहे. परंतु ज्या संपत्तीतून दान दिले जाते ती संपत्ती निर्माण करणाऱ्या हातांना त्यांच्या घामाचे न्याय्य मोल मिळाले की नाही, हा प्रश्न आपल्या चरित्रग्रंथांतून क्वचितच विचारला जातो. हा प्रश्न आयुष्यभर विचारणारी, आणि तो आपल्याच घरात, आपल्याच सख्ख्या भावाला विचारणारी एक जैन स्त्री अहमदाबादेत होऊन गेली. तिचे नाव अनसूयाबेन साराभाई. गिरणी कामगार त्यांना ‘मोटाबेन’, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. त्यांच्या निधनाला पन्नासहून अधिक वर्षे लोटली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाचे स्मरण करणे उचित ठरेल.

बालपण आणि दुःखाची पहिली ओळख

अनसूयाबेन यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५ रोजी अहमदाबादेतील एका सधन जैन कुटुंबात झाला. वडील साराभाई व माता गोदावरीबा यांचे छत्र त्यांच्या नवव्या वर्षाच्या सुमारास हरपले. अनसूया, धाकटा भाऊ अंबालाल आणि धाकटी बहीण कांता ही तीन पोरकी भावंडे काका चिमणभाई यांच्या आश्रयाने वाढली. घरात वैभवाला तोटा नव्हता. तोटा होता तो मायेच्या हाताचा. कदाचित त्यामुळेच या भावंडांत, विशेषतः अनसूया आणि अंबालाल यांच्यात, जो जिव्हाळा निर्माण झाला तो पुढील सर्व संघर्षांत अभंग राहिला.

त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही आणि अनसूयाबेन माहेरी परतल्या. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या मुलीकडे समाज त्या काळी कोणत्या दृष्टीने पाहत असे हे वेगळे सांगावयास नको. परंतु अंबालाल कर्ते झाले आणि त्यांनी बहिणीच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरविले. भावाच्याच साहाय्याने १९१२ साली अनसूयाबेन वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे एक धर्मसंकट उभे राहिले. वैद्यकीय शिक्षणात प्राण्यांचे विच्छेदन करावे लागे. जैन संस्कारांत वाढलेल्या अनसूयाबेन यांना ते मान्य होईना. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत समाजशास्त्रीय विषयांचा अभ्यास सुरू केला. मुक्या जीवाला शस्त्र लावावयाचे नाही या एका निश्चयाने त्यांचे आयुष्य वेगळ्या वाटेला लागले आणि ती वाट पुढे माणसाच्या वेदनेपर्यंत जाऊन पोहोचली. इंग्लंडमध्ये फेबियन समाजवाद्यांचे विचार त्यांच्या कानांवर पडले. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया त्यांनी जवळून पाहिल्या. कारखानदारीने श्रीमंत झालेल्या त्या देशातही कामगारांना आपले हक्क संघटनेच्या बळावरच मिळवावे लागले होते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९१३ साली त्या मायदेशी परतल्या.

मिरझापूरच्या अंगणातील सकाळ

अहमदाबादेत पहिली कापड गिरणी रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली सुरू केली. पुढील अर्धशतकात साबरमतीच्या काठी धुराड्यांचे रान उभे राहिले. या गिरण्यांचे मालक बहुतांशी जैन व वैष्णव वणिक. साराभाई घराण्याची कॅलिको मिल ही त्यांपैकी एक नामांकित गिरणी. १८९१ साली मालकांनी आपला संघही स्थापन केला. मालक संघटित होते. कामगाराला मात्र कोणी वाली नव्हता. १९११ च्या कायद्याने प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस बारा तासांचा ठरविला होता, नऊ वर्षांच्या मुलालाही सहा तास कामावर ठेवण्यास मुभा होती, आणि हा कायदासुद्धा किती पाळला जातो हे पाहणारे डोळे थोडेच होते.

विलायतेहून आल्यावर अनसूयाबेन यांनी गिरणी कामगारांच्या वस्तीत मुलांसाठी शाळा सुरू केली. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, त्यांचे केस विंचरणे, आजारी बायकांना औषधपाणी देणे, असे त्यांचे काम चाले. हे सर्व दयेपोटी चालले होते आणि दयेला कोणाचा विरोध नसतो. त्यांच्या जीवनाला वळण देणारा प्रसंग घडला तो मिरझापूर येथील घराच्या अंगणात.

एके दिवशी सकाळी त्या अंगणात बसल्या असता कामगारांचा एक घोळका समोरून जाताना दिसला. चेहरे निस्तेज, पावले अडखळणारी, जणू झोपेत चालणारी माणसे. त्यांत स्त्रियाही होत्या. अनसूयाबेन यांनी त्यांना थांबवून विचारपूस केली तेव्हा समजले की ही माणसे सलग छत्तीस तास काम करून घरी चालली आहेत. दोन रात्री आणि त्यांमधील एक दिवस त्यांनी यंत्रांपुढे काढला आहे. हे ऐकून त्यांचे अंतःकरण हादरले. ज्या घराच्या अंगणात त्या बसल्या होत्या, जे वस्त्र त्यांनी परिधान केले होते, ज्या द्रव्यावर त्यांचे विलायतेतील शिक्षण झाले होते, त्या सर्वांचा उगम अशाच गिरण्यांत होता. मुलांचे केस विंचरून हे दुःख मिटणारे नाही, त्याचे मूळ मजुरीच्या दरात आणि कामाच्या तासांत आहे, हे त्यांना उमगले. त्या दिवसापासून त्या कामगारांच्या संघटनेकडे वळल्या. दानाची वाट सोपी होती, न्यायाची वाट घरातूनच जात होती.

ताणा खात्याचा संप

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगने थैमान घातले. लोक शहर सोडून जाऊ लागले. गिरण्या बंद पडू नयेत म्हणून मालकांनी विणकरांना पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत ‘प्लेग बोनस’ देऊ केला. पहिल्या महायुद्धामुळे कापडाला तेजी होती आणि गिरणी एक दिवस बंद राहणे मालकांना परवडणारे नव्हते. परंतु ताणा खात्यातील कामगारांना हा लाभ दिला गेला नाही. ते अनसूयाबेन यांच्याकडे आले. १९१७ च्या डिसेंबरात त्यांनी संप केला आणि त्याचे नेतृत्व अनसूयाबेन यांनी स्वीकारले. एका गिरणीमालकाच्या घरची स्त्री संपकऱ्यांच्या अग्रभागी उभी राहिली ही गोष्ट शहराला चकित करणारी होती.

पुढे प्लेग ओसरला आणि मालकांनी बोनस काढून घेण्याचे ठरविले. विणकरांपुढे संकट उभे राहिले. रोग गेला होता, महागाई मात्र तशीच होती. धान्य, तेल, कापड यांच्या किमती युद्धकाळात फार वाढल्या होत्या. बोनसऐवजी पगारात पन्नास टक्के वाढ द्यावी, अशी मागणी विणकरांनी केली. मालक वीस टक्क्यांहून पुढे जाण्यास तयार नव्हते. गांधीजी त्या वेळी चंपारण्यात होते. अनसूयाबेन यांनी त्यांना पत्र पाठवून येथील परिस्थिती कळविली आणि गांधीजी अहमदाबादेस आले.

भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला

येथून सुरू होतो तो लढा भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात अजरामर झाला आहे. मालकांच्या बाजूचे प्रमुख होते अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी.

अंबालाल काही पाषाणहृदयी मनुष्य नव्हते. गांधीजींनी एका अस्पृश्य कुटुंबाला आश्रमात घेतल्यामुळे १९१५ साली आश्रमाची मदत बंद पडली, तेव्हा नाव न सांगता तेरा हजार रुपये देऊन जाणारे गृहस्थ ते हेच. बहिणीवर त्यांचे निरतिशय प्रेम होते. परंतु मालक म्हणून त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका ठाम होती. मालक आणि मजूर यांचे नाते पिता-पुत्रासारखे आहे, त्यात तिसऱ्याने पडण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही भूमिका वरकरणी प्रेमळ वाटते. परंतु तिचा अर्थ असा होतो की मजुरी किती द्यावयाची, काम किती तास घ्यावयाचे, कोणाला ठेवावयाचे आणि कोणाला काढावयाचे, हे सर्व एकट्या मालकाच्या मर्जीवर राहील. पुत्राने मागावयाचे नाही, मिळेल ते घ्यावयाचे. अनसूयाबेन आणि गांधीजी यांचा विरोध होता तो या मर्जीच्या राज्याला. मतभेद असेल तर तो दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या पंचापुढे जावा, एवढीच त्यांची मूळ मागणी होती.

आरंभी पंचमंडळ नेमले गेले. कामगारांतर्फे गांधीजी, वल्लभभाई पटेल व शंकरलाल बँकर, मालकांतर्फे अंबालाल साराभाई, जगाभाई दलपतभाई व चंदुलाल, आणि सरपंच म्हणून कलेक्टर. परंतु काही गिरण्यांतील कामगारांनी गैरसमजातून काम बंद केले. गांधीजींनी चूक मान्य केली, मात्र मालकांनी लवाद मोडल्याचे जाहीर करून २२ फेब्रुवारी १९१८ पासून टाळेबंदी पुकारली. सुमारे दहा हजार विणकर कामाला मुकले.

यानंतर जे केले गेले ते आजही अनुकरणीय आहे. पन्नास टक्क्यांची मागणी योग्य आहे काय, हे आधी तपासण्याचे ठरले. बाजारातील किमती, कामगारांच्या घरचा खर्च, मुंबईच्या गिरण्यांतील मजुरी, या सर्वांची चौकशी करून पस्तीस टक्के वाढ न्याय्य ठरते असा निष्कर्ष काढण्यात आला. मालकांनाही आपली बाजू मांडण्यास सांगण्यात आले. मग कामगारांना समजावून त्यांची मागणी पन्नासावरून पस्तीसवर आणली गेली. आपल्या पक्षाची मागणी स्वतःहून कमी करणारे नेते विरळाच! परंतु जे सत्य ठरले त्याच्या खाली यावयाचे नाही, अशी प्रतिज्ञाही त्याच वेळी घेतली गेली. लढा शांततेने चालवावयाचा, कामावर जाणाऱ्याला त्रास द्यावयाचा नाही आणि भिक्षेवर जगावयाचे नाही, हेही ठरले.

बाभळीच्या झाडाखाली

रोज सायंकाळी साबरमतीच्या काठी एका बाभळीच्या झाडाखाली सभा भरे. हजारो कामगार प्रतिज्ञेचा उच्चार करीत येत. रोज एक पत्रक निघे. ते गांधीजी लिहीत, प्रसिद्ध होई ते अनसूयाबेन यांच्या नावाने. सकाळी अनसूयाबेन व शंकरलाल बँकर चाळीचाळींतून फिरत. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण आजारी आहे, कोणाची उमेद खचली आहे, हे त्या जातीने पाहत.

कामगारांना फुकट धान्य वाटण्यास गांधीजींची संमती नव्हती. ज्याला काम हवे त्याला काम मिळवून द्यावयाचे, असे धोरण होते. आश्रमात विणकाम शाळेचे बांधकाम चालू होते आणि पायात भरण्यासाठी वाळू हवी होती. नदीच्या पात्रातून वाळूच्या टोपल्या वाहून आणण्याचे काम कामगारांना देण्यात आले. त्या वेळी पहिली टोपली डोक्यावर घेऊन अनसूयाबेन रांगेच्या अग्रभागी चालू लागल्या आणि त्यांच्यामागे नदीच्या खोलगट पात्रातून टोपल्यांची रांग लागली. गिरणीमालकाच्या घरात वाढलेल्या, विलायतेत शिकलेल्या त्या स्त्रीच्या डोक्यावरील वाळूचे ओझे कामगारांनी पाहिले. पुढे त्यांना ‘मोटाबेन’ म्हणताना त्यांच्या मनात तेच दृश्य असेल.

या काळातही भाऊ-बहिणीचे बोलणे कधी बंद झाले नाही. अंबालाल आश्रमात गांधीजींबरोबर भोजनास येत आणि त्यांना वाढण्याचे काम अनसूयाबेन करीत, असे सांगितले जाते. मतभेद तीव्र होता, वैरभाव मात्र नव्हता. ज्याच्याशी लढावयाचे त्याचेही अकल्याण चिंतावयाचे नाही, ही मैत्री भावना आपण प्रतिक्रमणात रोज उच्चारतो. अहमदाबादेत ती तीन आठवडे आचरणात दिसत होती.

१२ मार्च रोजी मालकांनी टाळेबंदी उठविली. वीस टक्के वाढ मान्य असेल त्याने कामावर यावे, असे जाहीर झाले. घरी उपाशी मुले असलेल्या माणसाची ही कठोर परीक्षा होती. सभेतील गर्दी ओसरू लागली, चेहरे पडू लागले. अशा वेळी जुगलदास चाळीतील कामगारांच्या तोंडून एक कटू सत्य बाहेर पडले. अनसूयाबेन आणि गांधीजी मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात, आम्ही मात्र मरणयातना भोगतो, असा त्या बोलण्याचा आशय होता. हे बोल गांधीजींच्या कानी आले. त्यांनी रागावून उत्तर दिले नाही. त्या बोलण्यातील सत्य त्यांनी स्वीकारले. १५ मार्चच्या सभेत, तडजोड होईपर्यंत किंवा सर्व कामगार गिरण्या सोडून जाईपर्यंत आपण अन्न ग्रहण करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. अनसूयाबेन यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

कामगारांत पुन्हा चैतन्य आले. मालकांची मनेही द्रवली. अनसूयाबेन यांच्याच घरी वाटाघाटी सुरू झाल्या आणि तीन दिवसांच्या उपवासानंतर १८ मार्च १९१८ रोजी समेट झाला. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस टक्के, आणि अंतिम निर्णय प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे. ऑगस्ट १९१८ मध्ये ध्रुव यांनी निवाडा दिला तो पस्तीस टक्क्यांचा.

येथे एक गोष्ट नोंदविणे सत्याला धरून होईल. गिरणीमालक आपले स्नेही असल्यामुळे आपल्या उपवासाचे दडपण त्यांच्यावर आले आणि त्या प्रमाणात तो उपवास सदोष होता, असे गांधीजींनी पुढे आत्मकथेत स्वतःच मान्य केले आहे. विजयानंतर आपल्या साधनाची अशी तपासणी करणे हे खऱ्या प्रतिक्रमणाचेच लक्षण म्हटले पाहिजे.

समेटाच्या आनंदाप्रीत्यर्थ मालकांनी कामगारांना मिठाई वाटली. बाभळीखाली गोंधळ उडाल्यामुळे अखेर ती वाटली गेली मिरझापूर येथे, अंबालाल यांच्या बंगल्याच्या अंगणात.

‘महाजन’ शब्दाचा नवा अर्थ

विजयाने सर्व प्रश्न सुटले नाहीत. १९१९ च्या फेब्रुवारीत रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रह प्रतिज्ञेवर अनसूयाबेन यांनी सही केली. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाल्याची खोटी वार्ता पसरली आणि संतप्त कामगारांच्या हातून अहमदाबादेत हिंसा घडली, एका सार्जंटचा प्राण गेला. प्रेमापोटी भडकलेला जमावही अहिंसेचे व्रत मोडू शकतो, हा धडा कटू होता. स्थिर, शिस्तबद्ध संघटनेवाचून कामगारांचे कल्याण नाही, हे त्यातून अधिकच स्पष्ट झाले.

१९२० च्या फेब्रुवारीत ‘मजूर महाजन संघ’ स्थापन झाला आणि अनसूयाबेन त्याच्या अध्यक्षा झाल्या. हे नाव विचारपूर्वक ठेवलेले होते. गुजरातेत ‘महाजन’ म्हणजे व्यापाऱ्यांची पेढीगणिक चालत आलेली संस्था. बाजाराचे नियम ठरविणे, तंटे मिटविणे, पांजरपोळ चालविणे ही महाजनाची कामे. आता मजुरांचेही महाजन उभे राहिले. ज्या शब्दात आजवर शेठजींची प्रतिष्ठा होती, त्या शब्दावर चिंध्या पांघरलेल्या विणकराचाही हक्क प्रस्थापित झाला. आपल्या पूर्वजांनी लंगड्या-लुळ्या जनावरांसाठी पांजरपोळ बांधले ही आपल्या धर्माची शोभाच आहे. परंतु पांजरपोळाला देणगी देणाऱ्या हाताने यंत्रापुढे छत्तीस तास उभ्या असलेल्या माणसाकडे पाठ फिरवावी, ही विसंगती अनसूयाबेन यांना सहन झाली नाही.

मजूर महाजनाने तक्रारी नोंदविण्याची, त्या मालकांकडे नेण्याची आणि न सुटल्यास लवादापुढे ठेवण्याची पद्धत बसविली. कायमच्या लवादात कामगारांतर्फे गांधीजी व मालकांतर्फे शेठ मंगलदास गिरधरदास होते. १९२० साली अहमदाबादच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस मान्य झाला. देशाच्या कायद्याने तो अकरा तासांवर आणला १९२२ मध्ये आणि दहा तासांवर १९३४ मध्ये. दवाखाना, शाळा, वाचनालये, कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह, अशी कामे संघाने उभी केली. गुलझारीलाल नंदा यांनी १९२२ पासून दीर्घकाळ संघाचे मंत्रिपद सांभाळले.

पराभवही पत्करावे लागले. १९२३ साली मंदीचे कारण पुढे करून मालकांनी मजुरीत कपात केली. दोन महिन्यांच्या संपानंतरही कामगारांना पंधरा टक्क्यांहून अधिक कपात सोसावी लागली. लवादाची परंपरा अशा वेळी दुबळी ठरली, कारण बलवान पक्षाने मानले तरच पंचाचा शब्द चालतो. संघाच्या समेटवादी धोरणामुळे मालकांचेच फावते, अशी टीका इतर कामगार नेते करीत आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि अनसूयाबेन यांनी पराभवातही कामगारांची साथ सोडली नाही. तेजीत मालकांची भरभराट आणि मंदीत मजुराची उपासमार हा न्याय नव्हे, हे त्या सांगत राहिल्या.

आपल्या मुंबई इलाख्यात ही वाट अगदी अनोळखी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली होती. अनसूयाबेन यांच्या कार्याचे वेगळेपण असे की त्यांनी मालकवर्गातून येऊन हे कार्य केले आणि आपल्या वर्गाचा द्वेष न करता त्याला त्याचे कर्तव्य सांगितले.

अखेरची वर्षे

अनसूयाबेन यांनी पुनर्विवाह केला नाही, सत्तास्थान मागितले नाही, आत्मचरित्र लिहिले नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९१८ च्या लढ्यावर ग्रंथ लिहिला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा जगाला या भाऊ-बहिणीच्या कथेची नव्याने ओळख झाली. अंबालाल १९६७ साली निवर्तले. त्यांचे सुपुत्र, थोर शास्त्रज्ञ विक्रम साराभाई, १९७१ च्या डिसेंबरात अकाली गेले. १९७२ साली अनसूयाबेन यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्याच १९७२ साली मजूर महाजनात तयार झालेल्या इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही असंघटित स्त्री कामगारांची संस्था स्थापन केली. पुढे १९८१ मध्ये ‘सेवा’ मजूर महाजनापासून वेगळी झाली. १९८० नंतरच्या काळात अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तशा मुंबईच्याही पडल्या. अनसूयाबेन यांच्या कार्याचा वारसा मात्र भाजी विकणाऱ्या, विडी वळणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेत पुढे चालू राहिला.

आपल्यासाठी बोध

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले तीन टाळणे आपल्याला कठीण नाही. उरलेले दोन अतिचार, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी अडविणे, हे सहसा बैल-घोड्यांच्या संदर्भात समजावले जातात. परंतु जो नियम जनावराला लागू तो माणसाला कसा लागू नसेल? सलग छत्तीस तास काम करून घेणे हे अतिभारारोपण नव्हे काय? महागाईच्या काळात मजुरी कापणे हा अन्नपाननिरोध नव्हे काय? अनसूयाबेन यांनी प्रवचने दिली नाहीत. या दोन अतिचारांचा अर्थ त्यांनी आपल्या कृतीने स्पष्ट करून दाखविला.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने, पेढ्या, कारखाने आहेत. तेथे गुमास्ते, हमाल, यंत्रचालक, सफाई कामगार काम करतात. आज अनेक ठिकाणी कंत्राटदाराची एक भिंत मधे उभी असते आणि तिच्यामागील माणसाचे नावही मालकाला ठाऊक नसते. पर्युषणात आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत आपल्याच दारात राबणारा मनुष्य येतो की नाही, त्याचा पगार वेळेवर होतो की नाही, आजारपणात त्याचे घर चालते की नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत पाहावे. क्षमा मागण्यापूर्वी देणे चुकते करणे हाही धर्मच आहे.

भावाच्या प्रेमात अंतर पडू न देता भावाच्या अन्यायाला नकार देणे, आणि मजुरांच्या बाजूने उभे राहताना त्यांनाही सत्याची मर्यादा सांगणे, ही दोन्ही कामे अनसूयाबेन यांनी एकाच आयुष्यात केली. अशा श्राविकेचे स्मरण आपल्या घरांत आणि पेढ्यांवर सदैव जागते राहो, हीच सुवर्णमहोत्सवी प्रार्थना.